मीटर बरोबर आहे

“हे बिल माझं नाई!”

आशाबाईने कागद वीज कंपनीच्या खिडकीच्या जाळीवर असा आपटला, की आतल्या बाबूने आधी चहाचा कप उचलून बाजूला ठेवला आणि मगच बिलाला हात लावला.

“नाव तुमचंच आहे, बाई. ग्राहक क्रमांकही तुमचाच.”

“नाव माझं हाय, आकडा माझा नाई. तीन हजार दोनशे ऐंशी! घरात दोन बल्ब अन् एक पंखा. टीव्ही तं पोळ्यापासून बंद पडून आहे. मी का राइस मिल टाकली घरात?”

रांगेत हसू पिकलं. आशाबाई गर्रकन वळली.

“हसा, हसा! उद्या तुमच्या घरी असंच बिल येईन ना, तवा मी येतो हसाले!”

रांग चिडीचूप झाली. आशाबाईचं तोंड पोंभुर्ण्याच्या बाजारापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. वडबोडीच्या शाळेत चौदा वर्षं ती खिचडी शिजवत होती, आणि शाळेची घंटा ऐकू आली नाही तरी आशाबाईचा आवाज ऐकून पोरं शाळेत येत, असं गावात म्हणत. तांदूळ कमी आला की ती केंद्रप्रमुखालाही सोडत नसे. त्यामुळे पोरांच्या ताटात कधी काही कमी पडलं नाही, हेही तितकंच खरं.

पण हे बिल पाहून तीही हबकली होती. मागच्या महिन्याचं बिल तीनशे दहा रुपये होतं. नवं बिल आलं तेव्हा तिने ते तीनदा वाचलं आणि मग मुख्याध्यापक वामनरावांकडे नेलं. “मास्तर, इथी टिंब द्यायचं राह्यलं का पाहा बरं,” ती म्हणाली. मास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं आणि मान हलवली. महिनाभर एकतीस पोरांचा भात शिजवून तिला मानधन मिळायचं अडीच हजार. ते सगळं भरूनही सातशे ऐंशी उरत होते.

“मीटर तपासायचा अर्ज द्या,” बाबू म्हणाला. “आमचा माणूस येऊन पाहील. पण मीटर चांगलं निघालं तर बिल भरावं लागेल, सांगून ठेवतो.”

“भरीन! अन् मीटर चोर निघालं तं इथी येऊन तुमाले ओवाळीन, आरती घेऊन!”

घरी आल्यावर तिने वारलूला सगळं साग्रसंगीत ऐकवलं. वारलू म्हणजे तिचा नवरा. फार बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, आणि बायकोचं एवढं बोलणं असताना त्याची गरजही पडली नव्हती. तो जेवता जेवता ताटात बघत म्हणाला, “भरून टाक ना. कायले झंझट?”

आशाबाई बघतच राहिली. दहा रुपये वाचवायला आटो सोडून दोन कोस पायी येणारा हा माणूस!

“ताप आला का तुमाले?”

“नाई. उगीच अर्ज नं फर्ज...”

“अर्ज देऊन आली मी. येतेच आता माणूस.”

वारलूचा घास हातातच राहिला. मग त्याने पाणी प्यायलं आणि तो उठला. खरं तर तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. मागच्या वर्षी रानडुकरांनी एका रात्रीत दोन बांधी, म्हणजे दोन खाचरं, धान लोळवलं होतं. धान दुधावर आलं की दर वर्षी वारलू शेतात मचाणावर झोपायला जायचा, डबा वाजवत रात्र काढायचा. यंदा तो घरी झोपत होता. “यंदा डुकरं कमी हायत म्हणे,” एवढंच बोलला होता. आशाबाईला वाटलं, वय झालं, थंडी बाधत असेल. शाळेचं काळं कुत्रं, काळ्या, पंधरा दिवसांपासून दिसत नव्हतं. गाव म्हणालं, बिबट्याने नेलं. आमच्याकडे जे दिसेनासं होतं ते बिबट्यानेच नेलेलं असतं, त्यामुळे तिने तेही खरं मानलं. तरी भांड्याची खरवड ती रोज शाळेमागच्या दगडावर ठेवत होती.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर वारलू फवारणीचा पंप दुरुस्त करायला पोंभुर्ण्याला गेला. रात्री आठला त्याचा फोन आला.

“शेवटची गाडी आलीच नाई. मेव्हण्याकडं मुक्काम करतो.”

“करा! सकाळी गेले असते तं पाय मोडले असते का? आता त्या पंपाच्या नावानं तिथी कोंबडी कापा!”

“आशा, आयक ना. एक काम होतं...”

“आता कोणतं काम? मी जेवून राह्यली. ठेवा!”

आणि तिने फोन ठेवला.

शनिवारी सकाळची शाळा. साडेसातला पोरं येतात, म्हणून आशाबाई सातलाच निघायच्या तयारीत होती, तेवढ्यात वायरमन प्रणित मोटारसायकलवर आला. पोरगेला, सरळ माणूस. बिलाचा कागद बघून त्याने मीटरकडे पाहिलं.

“बाई, मेन स्विच पाडा.”

तिने पाडला. बल्ब विझला, पंखा थांबला. मीटरवरचा बारका लाल दिवा मात्र लुकलुकत राहिला.

“पाहा! पाहा चोराले!” आशाबाईला आनंद मावेना. “घरात कायीच चालू नाई अन् हा आपला मोजून राह्यला! ओ भागीरथाबाई, इकडं या बरं, साक्षीला या!”

शेजारची भागीरथा हात पुसत आली. आशाबाईच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. वारलूचा होता. “याले आत्ताच सुचते,” म्हणून तिने तो कापला.

प्रणित हसत नव्हता. तो मीटरखालून हात फिरवत होता. मेन स्विचच्या आधीच एक काळी वायर जोडलेली होती आणि ती कौलांखालून मागच्या बाजूला गेली होती.

“बाई, हे वायर कुठी जाते?”

“गोठ्यात जात असन.”

“गोठ्यात काय आहे?”

“बैल आहेत. आणखी काय राह्यते गोठ्यात?”

फोन पुन्हा वाजला. तिने पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ती गोठ्याच्या दारात होती आणि तिने न बघताच बटण दाबून तो गप्प केला. प्रणितने भाताच्या तणसाचा ढीग बाजूला सारला. मागे लाकडी पाटीवर एक बटण होतं, वर खताची पिशवी पांघरलेली. बटण चालू होतं. तिथून निघालेली वायर कुडातून बाहेर पडून बांबूवरून शेताकडे गेली होती.

त्याने वाळकी काठी घेऊन बटण खाली पाडलं. “मीटर पाहा!” तो ओरडला.

“थांबला!” ओसरीवरून भागीरथेचा आवाज आला. “दिवा थांबला, बाप्पा!”

“डुकरांसाठी तार ताणली आहे,” प्रणित म्हणाला. “नंगी तार. बाई, त्या धुऱ्यावरून माणसं जातात का?”

आशाबाईने शेताकडे पाहिलं. तिच्या शेताच्या बांधावरून, त्या धुऱ्यावरूनच तर टोल्यावरच्या वस्तीची पायवाट होती. जंगलाकडेच्या त्या टोल्यावरची अकरा पोरं रोज त्याच वाटेने शाळेत यायची. आज शनिवार. सात वाजून वीस मिनिटं झाली होती.

ती धावत सुटली. “बाई, करंट बंद केला मी!” प्रणित मागून ओरडत होता, पण तिला ते खरं वाटेना. आयुष्यभर ज्या गळ्यावर तिने गाव गाजवलं, त्या गळ्यातून पोरांना थांबवण्यापुरतासुद्धा आवाज निघेना.

धुऱ्यावर गुडघाभर उंचीच्या बांबूच्या खुंट्या होत्या आणि त्यांवर तार होती. एक खुंटी लवून तार बांधीच्या पाण्यात पडली होती. रात्र रात्र तिथेच वीज चिखलात जात होती. तिचे तीन हजार त्या चिखलात गेले होते.

आणि पलीकडून पोरं येत होती. ओळीने, ओल्या पायांनी, चपला हातात घेऊन. सगळ्यांत पुढे सोमारी, दुसरीतली. तारेपासून वीस पावलांवर.

आशाबाई दोन्ही हात पसरून धुऱ्यावर उभी राहिली.

“बाई, तुमी इथी काऊन?” सोमारी म्हणाली. “आज खिचडी नाई का?”

“तार...” आशाबाईला एवढंच जमलं.

“तारेला कायी नाई होत, बाई. आमी रोजच ओलांडतो. वारलूआबानं सांगतलं, दिवसा करंट नसते म्हणे.” मग जरा घाबरून तिने मागच्या पोरांकडे पाहिलं. “बाईले सांगू नका म्हणे, बाई वरडते. काळ्या रातचा आला म्हणून मेला. तिथी गाडला त्याले.”

सोमारीने बोट दाखवलं, पण आशाबाईने तिकडे पाहिलं नाही. ती पोरं मोजत होती. अकरा होती. तिने पुन्हा मोजली, मग प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून तिसऱ्यांदा मोजली. “सडकेनं जा,” ती म्हणाली. पोरं निमूट सडकेकडे वळली. बाई ओरडली नाही याचीच त्यांना जास्त भीती वाटली असावी.

तेवढ्यात सडकेकडून वारलू येताना दिसला. धावत होता, धोतराचा सोगा लोंबत होता, एका पायात चप्पल नव्हती. सडकेने जाणारी पोरं त्याला दिसली. तो थांबला, एकेका पोराकडे बघत राहिला आणि मग तिथेच चिखलात बसला.

“काल पोरं घरी गेल्यावर बटण लावूनच निघालो. दहाच्या शाळेआधी येऊन बंद करीन असं धरून होतो,” आशाबाई जवळ गेल्यावर तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. “गाडीत एकजण म्हणाला, आज शनवार. मंग मले... मी फाट्यावरून पळत आलो.”

“रात्रीच सांगता आलं नाई तुमाले?”

“सांगत होतो.”

“पुन्हा फोन करायचा होता! खिशातच होता ना?”

“होता. हातात घेऊन बसलो होतो रातभर.” वारलूने मान वर केली नाही. “तू वरडशीन म्हून नाई केला.”

“अन् सकाळी?”

वारलूने तिच्या कमरेच्या पिशवीकडे पाहिलं. आशाबाईने पिशवीतून फोन काढला. वारलूचे तीन फोन. तिन्ही तिने स्वतः कापलेले.

ती त्याच्या शेजारी धुऱ्यावर बसली. चूक त्याची होती, याबद्दल तिच्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण सकाळी प्रणित आला नसता तर त्या तीन कापलेल्या फोनांचं ओझं आपण कसं वाहिलं असतं, हे तिला कळेना. तिने हात लुगड्यात गुंडाळून घेतले.

प्रणित तार गुंडाळत गुंडाळत त्यांच्यापर्यंत आला. त्याच्या हातात अर्जाचा कागद होता.

“मीटर ठीक, असं लिहितो,” तो चाचरत म्हणाला. “पण खाली कारण लिवा लागते. वापर काऊन वाढला ते. खरं लिवलं तं भाऊवर केस होईन. तुमी सांगा, बाई, काय लिहू?”

“सगळेच लावतात इथी,” वारलू पुटपुटला.

आशाबाईने सडकेकडे पाहिलं. पोरं शाळेच्या फाटकाशी पोचली होती. सोमारी अजून वळून वळून इकडे बघत होती.

“जे आहे ते लिहा,” ती म्हणाली.

वारलूने तिच्याकडे पाहिलं. प्रणितने लिहिलं आणि खाली तिची सही घेतली.

त्या दिवशी चूल उशिरा पेटली. पोरांना वाढताना आशाबाईने एकतीस ताटं मोजली आणि एकालाही दम भरला नाही. खरवड दगडावर ठेवायला गेली, तशीच उभी राहिली आणि भांडं घेऊन परत आली.

बुधवारी ती बिल भरायला गेली. मानधनाचे पैसे आणि पोळ्याला घेतलेल्या पाटल्या मोडून आलेले काही. खिडकीतला बाबू तिला बघून सावरून बसला आणि मग हसला.

“काय बाई? आरती आणली का ओवाळायला?”

“मीटर बरोबर आहे, साहेब.”

“काय म्हणता?”

“मीटर बरोबर आहे,” तिने पुन्हा सांगितलं. रांगेतल्या लोकांना ते ऐकू गेलं नाही.

आता वारलूला कोर्टाच्या तारखा पडतात. त्या धुऱ्यावर खुंट्यांच्या जागी नुसती भोकं आहेत. डुकरांनी अर्धं धान खाल्लं. उरलेलं दोघांनी मिळून राखलं, मचाणावर आलटूनपालटून डबा वाजवत. गाव म्हणतं, बिलाने आशाबाईची जीभ थंड केली. ती ऐकते आणि भात ढवळत राहते.

परवा वारलू तारखेला चंद्रपूरला गेला होता. दुपारी शाळेत फोन वाजला. आशाबाईने पहिल्याच घंटीला उचलला, हात तांदळाच्या पाण्याने ओला असतानाच.

“आशा, वकील आलाच नाई. गाडीबी चुकली. आज इथीच...”

जुनं सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिने ते गिळलं.

“बोला,” ती म्हणाली. “मी आयकून राह्यली.”

पलीकडून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. चुलीवरची खिचडी खाली लागल्याचा वास येऊ लागला, बाहेर सोमारी ताट वाजवू लागली, तरी आशाबाईने फोन ठेवला नाही.