माघारीची वही

"हा पुढच्या सामन्याला उतरत नाही," चहाचा कप बशीत ठेवत मामा म्हणाले आणि रुग्णालयाच्या चहाखोलीत एकच हशा पिकला.

टीव्हीवर दुसऱ्या मानांकनाचा तो उंच टेनिसपटू दोन्ही हात वर करून प्रेक्षकांना अभिवादन करत होता. सरळ तीन सेटमध्ये जिंकला होता.

"मामा, डोळे तपासून घ्या," एक्स-रेवाला म्हणाला. "समोरच्याला पार धुऊन काढलंय त्यानं."

"काढलंय ना. पण शेवटच्या चार गेममध्ये सर्व्हिस करताना डावा पाय मागे राहत होता. आणि आत्ता बघ, पिशवी उचलायला वाकला का? खाली बसून उचलली. मांडी गेलीय. सहा आठवडे."

दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी आली. मांडीच्या दुखापतीमुळे माघार, प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल. एक्स-रेवाल्याने मुकाट्याने मामांना चहा पाजला.

मामा एकतीस वर्षं प्लास्टरच्या खोलीत होते. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचं आणि हाड जुळलं की ते कापून काढायचं, हे त्यांचं काम. टेनिस त्यांनी जन्मात खेळलं नव्हतं. रॅकेट हातात दिली असती तर माशा मारल्या असत्या. पण वर्षातल्या चारही मोठ्या स्पर्धा ते न चुकता बघत, आणि तेही जगावेगळ्या कारणाने. करंडक कुणी उचलला यात त्यांना गोडी नव्हती. कोण गळलं, कशाने गळलं आणि परत कधी येणार, एवढं ते एका निळ्या वहीत लिहून ठेवत. पात्रता फेरीतून आलेल्या कुणा अनोळखी पोरीने एखाद्या मानांकित बाईला लोळवलं की सगळी चहाखोली त्या पोरीच्या कौतुकात बुडून जाई. मामा मात्र हरलेलीचा खांदा बघत बसत.

"कसला आलाय धक्का? तीन महिने दुखणं झाकून खेळत होती ती," ते म्हणत. दुखणं झाकणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. "माघार घेण्यात लाज कसली? झाकून खेळणारा स्वतः तर बुडतोच, वर दुहेरीतल्या जोडीदारालाही घेऊन बुडतो."

आता हेच मामा गेले चार महिने काय करत होते, ते सांगायला हवं. एकतीस वर्षं ओल्या पट्ट्या पिळून त्यांच्या उजव्या अंगठ्याचा बुंधा कामातून गेला होता. किल्ली फिरवताना डोळ्यांपुढे काजवे चमकत. शर्टाची बटणं ते डाव्या हाताने लावत, बरणीचं झाकण बायकोपुढे सरकवत.

"अहो, तुमच्या हाडांच्या डॉक्टर मॅडमना दाखवा की," बायको म्हणाली होती. "टीव्हीतल्या माणसाची मांडी दुखलेली कळते तुम्हाला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते काय खोटं नाही."

"वय झालं की दुखतं थोडंफार," मामांनी विषय उडवून लावला होता. खरं म्हणजे त्यांना भीती वाटत होती. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. प्लास्टर न घालणारे मामा म्हणजे कोण, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

त्या आठवड्यात प्लास्टर काढायला, तपासायला आलेल्यांच्या रांगेत एक बसचालक बाई होती. पायरीवरून घसरून तिचं उजवं मनगट मोडलं होतं आणि आठ दिवसांपूर्वी मामांनीच तिला प्लास्टर घातलं होतं. नवा एक्स-रे काचेवर लावला आणि मॅडमच्या कपाळाला आठी पडली. बसवलेलं हाड सरकलं होतं.

"सूज उतरली की प्लास्टर सैल पडतं, होतं असं कधीकधी," मॅडम म्हणाल्या. "काढा. पुन्हा भूल देऊन बसवू."

मामांनी प्लास्टर कापून दोन शकलं केली. आतला भाग त्यांनी उजेडाकडे धरला. ओलं प्लास्टर मनगटावर दाबून धरावं लागतं, सुकेपर्यंत सोडायचं नसतं. मग आत तळहाताच्या बाजूला एक गुळगुळीत खोलगट जागा उमटते. इथे ती नव्हतीच. मामांना तो दिवस आठवला. दाब देता देता अंगठ्यातून कळ उठली होती आणि त्यांनी हात काढून घेतला होता. क्षणभरच. नंतर पुन्हा ठेवला, पण तोवर प्लास्टर कडक होत आलं होतं.

शेजारी त्यांच्या हाताखालची तंत्रज्ञ उभी होती. पाच वर्षांपूर्वी आली तेव्हापासून मामा तिला 'पोरी' म्हणत. तिनेही ते शकल पाहिलं. तिला सगळं कळलं, कारण बघायचं कुठे हे मामांनीच तिला शिकवलं होतं.

"सूज उतरली की होतं असं, मामा," ती हळूच म्हणाली.

कुणी कानाखाली वाजवली असती तरी मामांना एवढं लागलं नसतं. पोरगी त्यांच्यासाठी खोटं बोलत होती. हे असंच चाललं तर उद्या ती खोटं बोलायला सरावेल, आणि तेही त्यांच्याकडूनच शिकेल. मामा ते शकल घेऊन सरळ मॅडमच्या टेबलापाशी गेले.

"मॅडम, सुजेचा दोष नाही. माझा आहे. दाब दिलाच गेला नाही. अंगठा चालत नाही माझा."

"कधीपासून?"

"चार महिने झाले."

मॅडम काही बोलायच्या आत बाकावरून आवाज आला. "चार महिने?" बसचालक बाई उठून उभी राहिली होती. "अहो, मी ब्रेक नीट लागत नाही असं माहीत असताना गाडी रस्त्यावर काढली असती तर? पन्नास माणसं असतात माझ्या मागं!"

"बरोबर आहे तुमचं," मामा म्हणाले. "चुकलं माझं."

बाई धापा टाकत खाली बसली. तिने विचारलं, "मग आता कोण बांधणार?"

"ही." मामांनी पोरीकडे बोट दाखवलं. "मी बाजूला उभा राहतो. तुम्ही नको म्हणालात तर बाहेर जातो."

बाईने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "उभे राहा. पण हात लावायचा नाही."

मॅडमनी हाड पुन्हा जागेवर आणलं. पोरीने पट्टी बादलीत बुडवली, बुडबुडे थांबेपर्यंत धरली, अलगद पिळली. मामा हात पाठीमागे बांधून उभे होते. "घाई नको. आता तळहात ठेव. बोटं नाही, तळहात. दाब. अजून... सोडू नको." पोरीच्या कपाळावर घाम आला, पण तिने हात हलवला नाही. मामा मनात सेकंद मोजत राहिले. त्यानंतरचा एक्स-रे पाहून मॅडम म्हणाल्या, "सुरेख."

मग त्या मामांकडे वळल्या आणि त्यांनी त्यांचा अंगठा चार दिशांना वळवून पाहिला. मामा चारही वेळा ओरडले. "शस्त्रक्रिया करावी लागेल. आणि पट्ट्या पिळणं कायमचं बंद," मॅडम म्हणाल्या. मामांचा चेहरा पडला. "शिकवणं नाही बंद करायचं. मघाशी तुम्ही जे केलंत ना, त्याला अंगठा लागत नाही."

सात आठवडे गेले. त्यात मामांची शस्त्रक्रिया झाली आणि ते रजेवर घरी बसले. वर्षातली शेवटची मोठी स्पर्धा सुरू झाली. दुसऱ्या मानांकनाचा तो उंच गडी अगदी मामांच्या अंदाजाप्रमाणे परतला आणि पहिल्याच फेरीत एका कुणाला माहीत नसलेल्या पोराकडून पाच सेटमध्ये हरला. चहाखोलीने कपाळावर हात मारला. "मामा, तुमचा गडी आपटला!" एक्स-रेवाल्याने फोन करून सांगितलं. "आपटू दे," मामा म्हणाले, "पाय ओढत होता का?" नव्हता. मामा एवढे खूष झाले की बायकोला वाटलं, तोच जिंकला.

त्यानंतरच्या सोमवारी मामा प्लास्टरच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. हातात चिठ्ठी, क्रमांक चौदा, अंगठ्यापासून कोपराखालपर्यंत पांढरं शुभ्र प्लास्टर. शेजारी तेरा क्रमांकाची बसचालक बाई.

"खाज सुटते का हो तुम्हालाही?" बाईने विचारलं.

"विचारू नका. लोकांना एकतीस वर्षं सांगत आलो, खाजवू नका म्हणून. काल स्वतः मोजपट्टी घातली आत."

बाई खळखळून हसली. मामांनाही हसू आलं.

तिला आत बोलावलं. दार उघडंच होतं. प्लास्टर निघालं तशी ती हात इकडेतिकडे वळवून बघू लागली. मग तिने दोन्ही हात समोर धरले आणि हवेतलं मोठं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. मनगट कुरकुरलं असावं, कारण तिचे ओठ आवळले गेले, पण वळण पुरं झालं.

"चौदा," पोरीने हाक मारली. मामा आत जाऊन रुग्णांच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत ते आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते. करवत घरघरली तसे त्यांनी डोळे गच्च मिटले.

"घाबरू नका, कातडीला कापत नाही," दारातून बाई म्हणाली.

प्लास्टर निघालं. आतला हात बारीक, फिकट, सालपटं निघालेला. मामांना तो कुणा दुसऱ्याचाच वाटला. पोरीने तो आपल्या तळहातावर घेतला. "आता अंगठा करंगळीला लावून दाखवा."

मामांनी लावायचा प्रयत्न केला. अंगठा थरथरत निघाला, तर्जनीला टेकला, थोडा थांबला, पुन्हा निघाला आणि मधल्या बोटाला येऊन टेकला. पुढे काही केल्या जाईना.

"दुखतंय का?" पोरीने विचारलं.

"दुखतंय," मामा म्हणाले. "खूप दुखतंय."

"मग आज इथपर्यंतच," ती म्हणाली आणि तिने त्यांचा हात टेबलावर अलगद ठेवला.