सुखीबाईचं बांडगूळ

दिग्रसहून आलेल्या एसटीतून बबिता तांड्याच्या फाट्यावर उतरली, तेव्हा तिची आई सुखीबाई कडेच्या आंब्याखाली शेळीचा मोडका पाय मांडीवर घेऊन बसली होती. लेक दोन महिन्यांनी माहेरी आलेली. सुखीबाईनं मान वर न करता विचारलं, "आली का? बस. इच्या पायाले हात नको लावू, झटका मारते."

बबिता पिशवी ठेवून बसली. यवतमाळच्या कॉलेजात तिला वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून पंधरा वर्षं झाली होती. वर्गात तिच्यासमोर साठ पोरं गप्प बसत. इथं मात्र आईनं बस म्हटलं की ती बसे.

आजूबाजूच्या चार गावांतल्या मोडक्या पायांच्या शेळ्या-वासरं सुखीबाईकडे येत. बांबूच्या कामट्या, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आणि हिरवट चिकट लेप, एवढंच तिचं सामान. लेप आंब्यावरच्या बांडगुळाचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण नेमकं काय काढायचं, कसं कुटायचं, ते फक्त सुखीबाईला माहीत. आणि तिच्या सुनेला, पुष्पाला.

बबिताचा प्रबंधच या बांडगुळावर होता. त्याचं बी मातीत पडलं की वाया जातं, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती. फुलटोच्या पक्षी लालसर फळ खातो. चिकट बी त्याला झटकता येत नाही, म्हणून तो ते फांदीवर घासतो. तिथंच बी रुजतं, सालीत शिरतं आणि जोडावर गाठ धरतं. झाडाचं पाणी ते पितं, पण पानं हिरवी, म्हणून अन्न आपलं आपण शिजवतं. हे सगळं तिनं दोनशे दहा पानांत लिहिलं होतं. तरीही तिनं बांडगूळ यवतमाळला नेऊन केलेला लेप सुकला की भुग्यासारखा गळून पडे, आणि आईचा डिंकासारखा कडक होई.

विद्या लेकीला देत नाहीत. लेक परक्या घरी जाते आणि विद्या तिच्याबरोबर जाते. द्यायची ती सुनेला. या चालीवर बबितानं एकदा परिसंवादात अगदी तटस्थपणे दहा मिनिटं भाषण केलं होतं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

"पुष्पे, चाल वं, चढ," सुखीबाईनं हाक मारली.

पुष्पा हात पुसत आली. बबिताच्या थोरल्या भावाची, बादलची बायको. बावीस वर्षांपूर्वी सातवी पास होऊन या घरात आलेली, वयानं बबिताएवढीच.

"मी चढते की, याडी," बबिता आईला म्हणाली. "मलेही येते."

"तू कायले? साडी फाटन. तू आपली खाली बसून त्या फुलाले इंग्रजीत काय म्हनतेत ते सांग तिले."

"सांगा ना बाई," पुष्पा नेसूचा काचा मारता मारता हसली. "शेळीले इंग्रजी नाव सांगतलं तं पाय लवकर बसते का पाहू."

ती खारीसारखी सरसर वर गेली. आंबा मोहरला होता, आणि मोहरातून बांडगुळाचे हिरवे झुबके लोंबत होते, त्यांना नारिंगी नळ्यांसारखी फुलं. सुखीबाई उठून बुंध्याशी गेली. "तो नाई. त्याच्या मांगं पाह्य. हां, तेच." वर पानांत पुष्पाचा हात हलला आणि काहीतरी पदरात गेलं. पदर बांधूनच ती उतरली. बबिताला काही दिसलं नाही. विचारावं असं मनात आलं. एवढी वर्षं न विचारलेलं एका सकाळी कसं विचारायचं?

दुपारी बबिताला स्टीलच्या ताटात ज्वारीच्या भाकरीवर तूप आलं, पाहुणीला येतं तसं. सुखीबाई आणि पुष्पा चुलीपाशी एकाच जर्मनच्या ताटलीत जेवल्या. सुखीबाईनं मिरचीचा ठेचा आपल्या बोटानं सुनेकडे सरकवला. बबिता तूप-भाकर खाली मान घालून खात राहिली. तुपाचा तिला कंटाळा आला होता.

संध्याकाळच्या बसला सुखीबाईनं पावशेर तुरीची डाळ बांधून दिली. पाचव्या दिवशी सकाळी बादलचा फोन आला. याडी सुपात डाळ पाखडता पाखडता कलंडली होती. पाणी पाजायलाही वेळ मिळाला नव्हता.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावचा देवीलाल शेळीचं करडू कवेत घेऊन दारात उभा राहिला.

"पुष्पाबाई कुठी हाये? हे पोट्टं नालीत पडलं. आता तेच आमची सुखीबाई."

बबिता अंगणात होती. पुष्पा विहिरीवर गेलेली. 'तेच आमची सुखीबाई' हे शब्द बबिताच्या छातीत काट्यासारखे रुतले. तेरा दिवस तिनं डोळे कोरडे ठेवले होते. लोक म्हणाले, शिकलेली आहे. इकडे पुष्पा ओक्साबोक्शी रडली आणि सगळ्या बायांनी तिलाच धरलं, जणू माय तिचीच गेली होती.

"थांबा काका, मी आणते," म्हणून बबितानं विळा उचलला.

एक्केचाळिसाव्या वर्षी ती आंब्यावर चढली. साडी फाटली. जो सगळ्यात दाट झुबका होता तो तिनं मुळाच्या गाठीपासून छाटला आणि दोन्ही हातांत धरून अंगणात आणून टाकला. तोवर पुष्पा घागर घेऊन आली होती.

"बाप्पा," देवीलाल म्हणाला, "करडू एवढंसं हाये. हे तं म्हशीच्या पायाले पुरन."

पुष्पा हसली नाही. तिनं घागर ठेवली, उकिडवी बसली आणि झुबक्यातून बोटं फिरवू लागली, पोरीच्या डोक्यातल्या उवा पाहाव्यात तशी. एका जागी बोटं थांबली.

"हे पाहा. आनलं ना तुमी. हेच लागते."

बबितानं वाकून पाहिलं. बांडगुळाच्या फांदीतून एक वेगळाच हिरवा गुंता फुटला होता. त्याला पान म्हणून नव्हतं. नुसत्या चपट्या, पेरापेरांच्या काड्या, एकीतून दुसरी निघालेली, आणि बुडाशी हरभऱ्याएवढी गाठ. तिला नाव लगेच आठवलं, लॅटिनसकट. बांडगुळावर जगणारं दुसरं बांडगूळ. आंब्याचं पाणी बांडगूळ पितं, आणि बांडगुळाचं हे. विद्यार्थी असताना तिनं वाळवलेल्या नमुन्यावरून त्याचं चित्र काढलं होतं. जिवंत कधी पाहिलं नाही, असं ती समजत होती. या झाडाखाली ती शंभरदा उभी राहिली होती, आणि या काड्या बांडगुळाच्याच पानं झडलेल्या काटक्या म्हणून सोडून दिल्या होत्या. 'या यजमान वृक्षावर अन्य परजीवी आढळला नाही,' असं वाक्य प्रबंधात तिच्या हातचं होतं.

पुष्पानं त्या काड्या पाट्यावर ठेवून वरवंटा फिरवला. चिकट तार सुटली.

"तुला आल्या आल्याच दाखवलं का हे याडीनं?"

"कायचं आल्या आल्या!" पुष्पा म्हणाली. "चार वर्सं नुसतं चढवलं मले. चुकीचं आनलं का पाठीत धपाटा. मले तं वाटे, बुढीले वांदरीन सून पाह्यजे होती." मग तिचा हात मंदावला. "तुमाले सांगू नको म्हने."

"लेकीले सांगत नाही म्हणून?"

"ते तं लोकाईले सांगाचं. मले म्हने, बबितापाशी लई हाये, कॉलेज हाये, पुस्तकं हाये. तुह्यापाशी काय हाये? हे एक तुह्यापाशी राहू दे." पुष्पानं कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले. "आता तुमीच तोडून आनलं, तं लपवू कायले? फोटो काढाचा असन तं काढा. लिहून टाका तुमच्या पुस्तकात."

बबिताच्या हातात मोबाईल आलाच होता. कॅमेरा उघडलेला होता. चौकटीत त्या काड्या, पाटा आणि पुष्पाची हिरवी झालेली बोटं दिसत होती. तिनं मोबाईल कमरेला खोचला.

"काका, करडू इकडे द्या," ती म्हणाली.

तिनं करडू मांडीवर घेऊन पाय धरला. पुष्पानं लेप लावला, कामट्या बसवल्या, पट्टी गुंडाळू लागली. करडानं दोनदा झटका मारला, पण बबितानं पकड सोडली नाही. पुष्पाचं डोकं तिच्या डोक्याजवळ आलं होतं, इतकं जवळ की केसांतल्या तेलाचा वास यावा. याडीच्या अंगाला हाच वास असे.

"भोजाई," बबिता मान खाली ठेवूनच म्हणाली, "मले तुहा लई हेवा वाटे. तू वर चढली का मी खाली उभी राहून मनात म्हनो, फांदी मोडली पाह्यजे. दर खेपेले म्हनो. याडी होती तवा शेवटी आलती ना मी, त्या दिवशीबी म्हटलं."