मानपत्रातला प्रसंग

छ्या! माणसानं हमाली करावी, भजी तळावीत, पण दुसऱ्याची स्तुती लिहून पोट भरू नये. मी तेच करत आलोय आणि आता मला त्याची शिसारी आलीय.

संस्थान विलीन झालं आणि दरबारच्या कचेरीतली माझी कारकुनी संपली. अक्षर बरं होतं, भाषा भरजरी होती, म्हणून महाद्वार रोडला जिन्यावरची एक खोली घेऊन पाटी लावली, 'जाहिराती, हस्तपत्रके व मानपत्रे लिहून मिळतील.' अमक्या तेलानं टकलावर केस उगवतात, तमक्या काढ्यानं म्हातारा पुन्हा आखाड्यात उतरतो, अशी हस्तपत्रकं मी लिहायची आणि टांग्यातनं ताशा वाजवत ती गावभर वाटली जायची. लोक वाचायचे, तेल घ्यायचे आणि टकले ते टकलेच राहायचे. तरी जाहिरात एकवेळ परवडली. तेलाची बाटली आपली स्तुती वाचून फुगत नाही. मानपत्र म्हणजे मात्र निव्वळ घाण.

आणि या गावाला मानपत्राचं भलतंच वेड! कुणी म्युन्सिपालटीत निवडून आला, द्या मानपत्र. कुणी काशीला जाऊन आला, द्या मानपत्र. कुणाला एकसष्टावं लागलं, मग तर विचारूच नका. शाल, फेटा, नारळ आणि चांदीच्या करंड्यात गुंडाळी करून ठेवलेलं मानपत्र. माझ्या खोलीखाली लालासाबचा छापखाना आहे. त्यानं 'दानशूर, विद्याप्रेमी, गोरगरिबांचे कैवारी' एवढा मजकूर खिळे जुळवून सुतळीनं कायमचा बांधून ठेवलाय. "अंबादासराव, नाव तेवढं सांगा, बाकी माल तयार हाय," म्हणतो आणि खो खो हसतो. मला हसू येत नाही.

तर आमच्या पिराजी आबांना एकसष्टावं लागलं. आबा म्हणजे गुळाचे बडे अडते आणि माझी बायको श्यामला ज्या मुलींच्या शाळेत शिकवायची, त्या शाळेचे आणि तिच्या बोर्डिंगचे चेअरमन. शिकवायची म्हणतो, कारण तेव्हा तिला घरी बसवलेलं होतं. गुन्हा काय, तर बोर्डिंगात किडक्या जोंधळ्याच्या भाकरी देतात, पोरी आजारी पडतात, असं तिनं कमिटीला लिहून कळवलं. चौकशी होईपर्यंत शाळेत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम आला. चौकशी काही होईना. श्यामला रोज शाळेच्या वेळेला वेणीफणी करून तयार व्हायची आणि मग उगाच डबे घासत बसायची. मला ते बघवायचं नाही.

अशात शाळेचे सेक्रेटरी माझ्या जिन्यावर धापा टाकत आले.

"आबांचं मानपत्र तुमीच लिवायचं," म्हणाले. "पण नुसती विशेषणं नकोत. एखादा प्रसंग पायजे. ऐकून बायका रडल्या पायजेत."

"कुठला प्रसंग?"

"ते आमाला ठावं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो? आणि हे बघा, मानपत्र झकास जमलं तर तुमच्या बाईंचं बी बघू की. आबा खुशीत असले म्हंजी न्हाई म्हनत न्हाईत."

झालं! मी आबांचं एखादं सत्कृत्य आठवायला बसलो. डोकं खाजवून खाजवून एकच आठवलं. आबांनी एकदा तालमीतल्या पोरांना गूळ वाटला होता, तोही पाण्यात भिजून पाघळलेला, बाजारात कुणी हात लावीना असा. त्यावर बायका कशा रडणार?

श्यामलाला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "अहो, हाफिजाचा प्रसंग घाला."

हाफिजा ही बोर्डिंगातली कागलकडची पोरगी. तिला विषमज्वर झाला तेव्हा श्यामला आमच्या घरून पेज करून न्यायची, तिच्या उशाशी बसून चमच्यानं पाजायची. पोरगी जगली ती त्या पेजेवर. आबा तिकडं फिरकलेसुद्धा नव्हते.

"अगं, ते तू केलंस! आणि आबांच्या नावावर घालू?"

"घाला. भरसभेत एकदा वाचलं ना, की आबा पोरींना घरचं अन्न पुरवतात, की मग त्यांना ते पुरवावंच लागेल. चारचौघांत माणसाला थोडी तरी लाज असतेच की."

"श्यामला, तू शाळेत शिकवतेस, मी बाजारात लिहितो. मानपत्रानं सुधारलेला माणूस मी अजून बघितला नाही."

"तुम्ही लिहा तर खरं. जोंधळा बदलला तरी पुष्कळ झालं."

मी लिहिलं. आणि खोटं कशाला बोलू, फार सुंदर लिहिलं. तापानं फणफणलेली परक्या गावची पोर, उशाशी बसलेले पांढऱ्या मिशांचे आबा, हातात पेजेची वाटी. लालासाबनं खिळे जुळवता जुळवता नाक ओढलं. मग वर येऊन विचारलं, "खरं हाय व्हय हे?" मी म्हटलं, "छाप गप्प."

सभेला थेटर भाड्यानं घेतलं होतं. सेक्रेटरींनी गळा काढून मानपत्र वाचलं. पेजेच्या जागी आले आणि बायकांच्या बाजूनं हुंदके सुरू झाले. आबांनी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. मग सेक्रेटरींनी हाफिजाला स्टेजवर बोलावून तिला आबांच्या गळ्यात हार घालायला लावला. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून माइकात विचारलं, "बरी हाईस न्हवं आता, बाळ?" पोरीनं मान हलवली. दुसरं काय करणार ती? तिला बोर्डिंगात राहायचं होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझे हात मांडीवरच राहिले. श्यामला मात्र टाळ्या वाजवत माझ्याकडं वाकून म्हणाली, "आता बघा, आठवड्याभरात जोंधळा बदलतो."

त्याच आठवड्यात आबांनी आम्हा दोघांना पेढीवर बोलावलं. श्यामला शाळेची पांढरी साडी नेसली. वाटेत ती चक्क गुणगुणत होती.

आबा गादीवर लोडाला टेकून बसले होते, शेजारी सेक्रेटरी.

"या अंबादासराव, मानपत्र लई ग्वाड लिवलंत," म्हणाले आणि श्यामलाकडं वळले. "बाई, तुमी कमिटीला लिवून कळीवलं, बोर्डिंगात पोरींचे हाल हुत्यात म्हणून. आणि हितं सगळ्या गावासमोर वाचलं गेलं, की आमी घरची पेज पाजून पोरगी वाचीवली. मग खोटं कोन?"

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. श्यामला हळूच म्हणाली, "आबा, ती पेज मी..."

"आवो, मी तिच्या उशाशी हुतो!" आबांचा आवाज चढला. "ह्या हातानं पाजलिया. तापानं अंग निसतं भाजत हुतं लेकराचं. तुमी कुठं हुता तवा?"

आणि त्यांच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. खरं पाणी, देवाशप्पत! माझीच वाक्यं तो माणूस मला रडत रडत ऐकवत होता आणि त्याला ती आठवण वाटत होती.

"आणि जोंधळा?" श्यामलानं विचारलं.

"जोंधळ्याला काय धाड भरलिया? सगळ्या गावानं टाळ्या वाजीवल्या की!" आबांनी डोळे पुसले आणि एकदम मवाळ झाले. "हे बगा बाई, माजं मन मोठं हाय. तक्रार खोटी हुती असं लिवून द्या, माफी मागा आणि सोमवारपासनं वर्गावर या. शब्दांची काळजी करू नगा, घरातच लेखक हाय. काय अंबादासराव? बायकोसाठनं द्या की झकास लिवून."

सेक्रेटरींनी कागद, टाक आणि दौत माझ्यापुढं सरकवली.

त्या गादीवर पचकन थुंकावं असं वाटलं मला. तोंड उघडून 'नाही' म्हणणार, एवढ्यात श्यामलानं झटकन हात पुढं केला आणि माझ्यापुढची दौत उचलून आपल्या पदराआड धरली. मी लिहून देईन, असं तिला खरंच वाटलं होतं.