पासंग

होडी विकत घ्यायला आलेल्या दंतवैद्याने बोटाच्या पेराने लहान होडीच्या कडेवर टकटक केलं, कान लावला आणि दुखरी दाढ सापडावी तसा हुंकार दिला.

"इथे पोकळ वाटतंय."

"पोकळच असतं तिथे," ती म्हणाली. "हवेचा कप्पा आहे. उलटली तरी बुडू नये म्हणून."

"तिला म्हणायचंय की होडी एकदम सुरक्षित आहे," दादा घाईने म्हणाला.

सकाळपासून हेच चाललं होतं. तिने तोडायचं, त्याने सांधायचं. बाबांना जाऊन पुरता महिना झाला नव्हता आणि हा गृहस्थ त्यांच्या दोन होड्या भाजीवाल्याकडची वांगी निवडावी तशा दाबून बघत होता. दोन्ही सांभाळणं भावंडांना झेपणारं नव्हतं. एक विकायची, एवढं ठरलं होतं. कोणती, यावरून फोनवर आठवडाभर कडाक्याचं भांडण झालं होतं. दादाला मोठी हवी होती. तिच्यात झोपायला जागा होती, मुलांना नेता आलं असतं. तिला लहान हवी होती, आणि का ते सांगायची तिची तयारी नव्हती.

लहान होडीत दोघंच मावत. बाबांचा गुडघा दुमडत नसे, म्हणून ते कायम सुकाणूच्या दांड्याच्या डावीकडे बसत. उजवी बाजू तिची. वाऱ्याने होडी कलली की ते ओरडत, "पासंग, बाहेर!" आणि ती कडेवर बसून पाठ पाण्यावर झोकून देई. तराजूचा काटा मध्यावर यावा म्हणून पारड्यात टाकतात तो खडा, म्हणजे ती. घरातसुद्धा तेच नाव पडलं होतं.

नोकरीसाठी ती दुसऱ्या शहरात गेली आणि त्याच वर्षी बाबांनी मोठी होडी घेतली. फोनवर किती खुशीत होते! "अगं, हिच्या पोटाखाली शिसं ओतलंय. आपली आपण सावरते. कुणी बाहेर लटकायलाच नको!" तिने काहीतरी कारण सांगून फोन ठेवला होता. त्यानंतर सुट्टीत ती घरी यायची, धक्क्यावरही यायची, पण त्या होडीत तिने पाऊल टाकलं नाही. बाबा म्हणायचे, "एकदा बसून तर बघ." ती म्हणायची, मला मळमळतं.

दंतवैद्य आता मोठ्या होडीत उतरला होता. त्याने खाली ठेवलेली स्टीलची बाटली घरंगळत उजवीकडे गेली. त्याने ती उचलून मधोमध आडवी ठेवली. ती पुन्हा गेली.

"ही सरळ उभी नाही. पाणी शिरतंय का कुठे?"

"छे हो," दादा धक्क्यावरून म्हणाला. "उजव्या बाकाखाली पाण्याचे कॅन आहेत. बाबांनी बांधून ठेवलेत."

"कशाला?" हे तिने विचारलं.

"एकटे जायचे ना. तुझ्याऐवजी." दादा हसला. "भरलेले चार कॅन म्हणजे एक पासंग."

तिच्या कानशिलांत रक्त चढलं. माणूस गेलं की त्याच्या जागी चार कॅन ठेवायचे, झालं! आणि हा हसतोय.

"या होडीला पासंग लागतच नाही," ती एकेक शब्द तोडत म्हणाली. "खाली शिसं आहे तिच्या. त्यांनीच सांगितलं होतं मला."

"मीही तेच म्हणालो त्यांना. उगाच भार कशाला वागवताय? पण ऐकतील तर ते बाबा कसले!"

"मग काढूनच टाकू या," म्हणत दंतवैद्याने बाकाचं झाकण उचललं.

"हात लावू नका!"

धक्क्यावरून ती उतरली की तिने उडी मारली, तिलाच कळलं नाही. दंतवैद्य अंग चोरून केबिनच्या दारात सरकला.

कॅन एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती काहीतरी नारिंगी गुंडाळलं होतं. तिचं लाइफ जॅकेट, शाळेत असतानाचं. पट्टा नीट आवळून बक्कल लावलेलं, बाबा तिला लावून द्यायचे तसं. गळ्यापाशी दोरीचं टोक होतं. वारा पडला की ती ते चघळत बसायची आणि बाबा ओरडायचे. टोकाचे धागे अजून तसेच पिंजलेले होते.

तिने झाकण इतक्या जोरात आदळलं की दादा दचकला.

"एकदा सांगता येत नव्हतं त्यांना?"

"काय सांगायचं?"

वळून ती समोरच्या बाकावर, दांड्याच्या डावीकडे, जाऊन बसली. होडीची उजवी बाजू सावकाश उचलली गेली. बाटली घरंगळत परत आली आणि मध्यावर थांबली.

दंतवैद्य बाटलीकडे बघत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "तर... यातली कोणती देताय?"

"लहान."

"अगं, पण तू तर..." दादा म्हणाला.

"लहान न्या. शीड नवंच आहे. आणि तिच्यावर टकटक करत बसू नका, तिला काही झालेलं नाही."

दादा तिच्या तोंडाकडे बघत होडीत उतरला. तिच्याशी बोलायला म्हणून उजव्या बाकावर टेकणार, तोच ती ओरडली.

"तिथे नको!"

"मग कुठे बसू?"

"कुठेही बस. ती जागा रिकामी नाही."

दादाने बाकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि डोलकाठीला धरून तो मधोमध उभा राहिला.