त्रेचाळीस जणांचं गाऱ्हाणं

सकाळी साडेनऊला फोन आला तेव्हा श्वेता डोक्याला टॉवेल गुंडाळून डब्यात भाजी भरत होती. नंबर अनोळखी होता आणि आवाजात जरब होती.

"श्वेता धाकू राणे? वडिलांना घेऊन अकरा वाजता पोलीस ठाण्यात यायचं. मोबाईल बरोबर आणायचा. चार्ज करून."

शेवटचे दोन शब्द तिला खटकले. मोबाईल चार्ज करून आणा म्हणतात, तेव्हा त्यांना माणसापेक्षा मोबाईलशीच जास्त बोलायचं असतं.

"कशासाठी?"

"आल्यावर सांगू. चाळीच्या ग्रुपची ॲडमिन तूच ना? तो 'म्हाराजा' कोण आहे, ते पण आठवून ये."

फोन कट झाला. श्वेताने भाजीचा डाव पातेल्यात तसाच सोडला. म्हाराजा कोण ते तिला ठाऊक होतं. तो चाळीच्या तोंडाशी, पिंपळाखालच्या हातभर घुमटीत बसलेला होता आणि त्याला शेंदूर फासलेला होता.

दिंडोशीच्या उतारावरची ही चाळ गिरणी सुटल्यावर इकडे आलेल्या कोकणी माणसांनी वसवली. श्वेताचे वडील धाकू त्यातलेच. आधी गिरणीत, मग आरेतल्या तबेल्यांवर पहारेकरी, आता अडुसष्टाव्या वर्षी घरी. गेल्या महिन्यात चाळीचा डिजिटल सर्वे निघाला. टॅब घेतलेली पोरं दारोदार फिरू लागली. आधी चेहरा, मग डोळे, मग दहाही बोटं. पुढ्यात एक इंग्रजी फॉर्म. सही केली नाही तर नाव 'अपात्र' यादीत, म्हणजे पुनर्विकासात घर नाही. आमचे डोळे नि बोटं कुठे ठेवणार, कोण बघणार, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "वरून ऑर्डर आहे." ह्या वरच्याला कधी कोणी पाहिलेलं नाही, पण मुंबईतली निम्मी कामं तोच उरकतो. धाकूंची बोटं झिजलेली. मशीनने चार वेळा लाल दिवा दाखवला तेव्हा टॅबवाला म्हणाला, "आजोबा, तुम्ही सिस्टीममध्ये नाही." चाळीस वर्षं त्याच दारात उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं.

तेव्हा चाळीने तेच केलं जे गावात करतात. रविवारी सकाळी घुमटीपुढे जमून देवाला गाऱ्हाणं घातलं. एक जाणता माणूस नारळ घेऊन उभा राहतो, सगळ्यांची अडचण देवाच्या कानावर घालतो, आणि दर वाक्याला जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, होय म्हाराजा! गाऱ्हाणं घालावं तर धाकूंनी, असं अख्खी चाळ मानत होती. श्वेताने ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि कामावर गेलेल्यांसाठी ग्रुपवर टाकलं. इथवर ठीक होतं. पण गाऱ्हाणं ऐकलं आणि होय म्हटलं नाही, तर ते आपल्याला लागू होत नाही, अशी ह्या लोकांची समजूत. मग कोणी बसमधून, कोणी ऑफिसातून, कोणी वॉचमनच्या केबिनमधून, एकेकाने टाईप केलं, 'होय म्हाराजा'. श्वेताने कौतुकाने मोजले होते. त्रेचाळीस.

गावात होय म्हाराजा म्हटलं की ते वाऱ्यावर जातं. इथे ते नाव, नंबर आणि वेळेसकट राहिलं. हे एकाच्याही डोक्यात आलं नाही, बी.कॉम. झालेल्या ॲडमिनबाईंच्याही नाही. मंगळवारी सर्वेच्या गाडीची काच फुटली. कोणी फोडली ते कळलं नाही. आणि आज बुधवारी हा फोन.

श्वेता गोरेगावच्या एका लॅबमध्ये रिसेप्शनला होती. ॲडव्होकेट क्षमा सामंत तिथे आईला रक्त तपासायला घेऊन येत. श्वेताने त्यांना फोन लावला.

"कोणी सांगितलं जायला?" क्षमाताई कडाडल्या. "बाईमाणसाला आणि साठीच्या वरच्या माणसाला चौकशीला ठाण्यात बोलावताच येत नाही. त्यांना घरी यावं लागतं. लेखी नोटीस आहे?"

"नाही. फोनच आला."

"मग जाऊ नको. मी दोनपर्यंत दिंडोशी कोर्टात अडकलेय. आणि हे बघ, ग्रुपमधलं काही डिलीट करू नको, उलटं अंगावर येईल. फोन स्विच ऑफ कर. बंद करून चालू केलेला फोन बोटाने उघडत नाही, पिन लागतो. बोट ते धरून लावतील, पिन तुझ्या डोक्यात आहे. मागितला तर म्हण, लिहून द्या."

पण धाकू धुतलेला सदरा घालून दारात उभे होते. "मियां काय चोरी केलंय? बोलावल्यानी तर जावूक व्हया. लपान बसलंव तर लोक म्हणतले, धाकूच्या मनात पाप होता."

"बाबा, वकील नको म्हणतायत!"

"वकील कोर्टात. माका हय ऱ्हवाचा आसा," धाकू म्हणाले आणि चालू लागले. बिनपापाची माणसं अशीच स्वतःच्या पायाने जाऊन अडकतात. श्वेताला त्यांचा राग आला, आणि त्यांना एकटं जाऊ देणं शक्य नव्हतं. शेवंतीने, तिच्या आईने, देवापुढे दिवा लावला. ठाण्याच्या फाटकाशी श्वेताने क्षमाताईंना मेसेज टाकला आणि मोबाईल बंद केला.

फौजदार तिशीचा होता. केस नीट, आवाज त्याहून नीट. टेबलावर एक छापील कागद होता. गाऱ्हाण्यातलं एक वाक्य पिवळ्या पेनाने रंगवलेलं: 'जो कोण आडवो येयत, तेका थंयच आडवो कर रे म्हाराजा.' खाली कोणीतरी पुरवलेला स्क्रीनशॉट. त्यात शेवटचे चार होय म्हाराजा दिसत होते. चाळीतल्याच कोणीतरी दिला होता, कारण त्यात प्लंबरचं नाव 'पप्पू गळती' असं सेव्ह केलेलं होतं.

"चार दिसतायत," फौजदार म्हणाला. "वर अजून किती आहेत?"

श्वेताने पर्सची चेन ओढून घेतली.

"आडवा येईल त्याला आडवा करा, असा हुकूम सुटतो. ग्रुपवर लोक होकार देतात. दोन दिवसांत सरकारी कामावरची गाडी फुटते. ह्याला आम्ही कट म्हणतो. हुकूम देणारा म्हाराजा कोण?"

"म्हाराजा म्हंजे देव, सायब," धाकू म्हणाले. "थंय घुमटीत बसलेलो. हुकूम आमी सोडूक नाय. आमी तेच्याकडे मागलंव."

"देवाला ग्रुपवर कशाला घेता मग?" फौजदार हसला. "म्हणून दाखवा. बघू काय मागता ते."

धाकू उठले. "बसान गाऱ्हाणा घालूचा नसता." त्यांनी चपला काढून भिंतीशी ठेवल्या. नारळ नव्हता, म्हणून नुसतेच हात जोडले. दाराच्या वर देवाची एक तसबीर होती, तिच्यापुढे लाल बल्ब. तिच्याकडे तोंड करून त्यांनी डोळे मिटले आणि त्यांचा घरगुती, खोकल्याने फाटलेला आवाज एकदम भरला.

"बा देवा, ह्या उताराच्या राखणदारा म्हाराजा! आज तुझी लेकरा तुझ्या पायाशी जमली आसत. तेंच्या घरादाराची राखण कर रे म्हाराजा!"

ते थांबले. गाऱ्हाण्यात इथे थांबतातच. कोपऱ्यातल्या टेबलावर लिहीत बसलेल्या हवालदाराचे ओठ हलले. श्वेताने ते पाहिलं. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर 'लवू परब' लिहिलं होतं.

"तेंच्या वाटेत जो कोण आडवो येयत, तो कितको पण मोठो असांदे, तेका थंयच आडवो कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

खणखणीत आवाज. हवालदार परबच्या हातातलं पेन खाली पडलं.

"परब!"

"सॉरी सर. सवय आहे. आमच्यात शेंबडं पोरगंपण म्हणतं, सर."

"मग ह्यांचं पण नाव घाला ना यादीत," श्वेता बोलून गेली. बोलल्यावर तिच्या लक्षात आलं, हे मनात म्हणायचं होतं.

फौजदाराच्या कानापर्यंत लाली चढली. हा बिचारा म्हातारा निर्दोष आहे हे त्याला त्या क्षणी कळलं, असं श्वेताला पुढे कायम वाटत राहिलं. आणि कळलं म्हणूनच तो जास्त चिडला. चूक झालेल्या साहेबासारखा वाईट माणूस दुसरा नाही.

"खूप झालं. फोन काढ. बोट लाव."

"बंद आहे. पिन लागतो."

"टाक."

श्वेताने फोन टेबलावर ठेवला. चार आकडे. तिच्या डोळ्यांपुढे ती त्रेचाळीस माणसं उभी राहिली. शाळेत शिपाई असलेल्या कुणाची नोकरी कंत्राटी होती, कोणाच्या पोराचं पोलीस भरतीचं पत्र येणार होतं, पप्पूच्या बायकोला आठवा महिना होता. तिने आकडे टाकले असते तर संध्याकाळपर्यंत ह्या सगळ्यांच्या घरी असाच फोन गेला असता, चार्ज करून या म्हणून.

"लिहून द्या," ती म्हणाली. फौजदाराने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिने पुन्हा सांगितलं. "कुठला गुन्हा, कुठलं कलम, फोनमधलं काय बघणार. पंचांसमोर."

"कोणी पढवलं?"

"माझ्या वकील येतायत."

"येऊ दे. तोवर बाबा आत बसतील." फौजदार पुढे वाकला आणि अगदी हळू बोलला. "अडुसष्ट वय आहे. बीपी असेल. तू चार आकडे टाक, दोघं जेवायला घरी जा. त्या लोकांसाठी बापाला बसवणार तू? त्यांच्यातलाच एक जण आम्हाला हे देऊन गेलाय."

हे मात्र लागलं. धाकूंना आतल्या बाकड्यावर नेलं. उघड्या दारातून त्यांचे अनवाणी पाय दिसत होते; चपला भिंतीशी तशाच राहिल्या होत्या. श्वेताला रडू फुटत होतं आणि फौजदारासमोर रडायचं नव्हतं. टेबलावर फोन होता, आणि बोटं आपसूक ते चार आकडे मांडीवर गिरवत होती. बारा वाजले. एक वाजला. धाकू खोकू लागले, थांबेनात. तिने फोन हातात घेतला. फौजदाराने मान वर केली.

"गो श्वेता," आतून आवाज आला. "माका पाणी दिलानी हा. बरो आसंय मी."

परबने पाण्याची बाटली नेऊन दिली होती. श्वेताने फोन परत ठेवला.

सव्वादोनला काळा कोट हातावर टाकून क्षमाताई आल्या. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, गुन्हा नंबर आणि नोटीस. काचेच्या तक्रारीत ह्या दोघांचं नाव नव्हतं आणि नोटीस तर कोणी काढलीच नव्हती. एवढा दरारा, आणि कागदावर काहीच नाही. फौजदाराने फोन पुढे सरकवला. "आज जा. पुन्हा बोलवू."

"बोलवू नका, घरी या," क्षमाताई म्हणाल्या. "कागद घेऊन."

रिक्षात बसल्यावर श्वेताने फोन चालू केला. तो थरथरत राहिला. 'नंदकिशोर यांनी ग्रुप सोडला.' नंदकिशोर म्हणजे चाळ कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी सगळ्यांत आधी, अकरा वाजून पाच मिनिटांनी काढता पाय घेतला होता. मग पप्पू. मग ओळीने सगळे. ग्रुपमध्ये आता दोघीच उरल्या होत्या, ती स्वतः आणि शेवंती, जिला ग्रुप सोडायचा कसा ते येत नव्हतं. वर त्रेचाळीस होय म्हाराजा मात्र तसेच होते.

"काय झाला गो?" धाकूंनी विचारलं.

"सगळे पळाले, बाबा. ज्यांच्यासाठी तुम्हाला तिथे बसवलं ना मी, ते सगळे पळाले."

धाकूंनी बाहेर पाहिलं. "भियाले," एवढंच म्हणाले.

चाळीत शिरताना कोणी सामोरं आलं नाही. एरवी दुपारी पापड वाळत घालणाऱ्या बायका आत गेल्या. नंदकिशोरच्या घराचा टीव्ही बंद झाला. धाकूंनी घरी पाणी घेतलं, शेवंतीकडून नारळ मागितला आणि उन्हं कलल्यावर ते घुमटीपुढे जाऊन उभे राहिले. श्वेता त्यांच्या मागे. तिने मोबाईल मुद्दाम घरी ठेवला होता. दोन्ही बाजूंची दारं बंद होती.

"बा म्हाराजा! तुझी लेकरा आज भियाली आसत. तेंका धीर दी रे म्हाराजा!"

ते थांबले. कोणी होय म्हटलं नाही. इतकी वर्षं ह्या थांबण्यात अख्खी चाळ बोलायची. धाकूंनी हातातला नारळ खाली घेतला. ठाण्यात न खचलेला तिचा बाप आपल्या दारात खचत होता, आणि ते श्वेताला बघवेना.

"होय म्हाराजा!" ती ओरडली. एकटीचा आवाज पिंपळाखाली फार बारीक वाटला.

आणि मग एका बंद दारामागून, दबक्या पण स्पष्ट आवाजात, आणखी एक आला.

"होय म्हाराजा."

दार उघडलं नाही. आवाज कोणाचा ते श्वेताने ओळखलं, आणि तिने त्या दाराकडे वळूनही पाहिलं नाही. कोणी कितीही विचारलं तरी ते नाव ती सांगणार नव्हती.