मंतरलेले तांदूळ

मोशीच्या देवळापुढं सारा गाव लोटला होता. साल सत्तावन्न. तिकडं पिंपरीत पेनिसिलीन तयार होऊ लागलं होतं, आणि इकडं आम्ही तांदळानं चोर धरत होतो! बैल घेताना दहादा दात बघणारी आमची माणसं दत्तोबा भगतापुढं मुकाट माना डोलवत होती.

"चावा, थुंका! खऱ्याच्या तोंडी पाणी, खोट्याच्या तोंडी वाळवंट! देवीम्होरं कुनाची वकिली चालत न्हाई!"

कौशल्याबाईंची नथ गेली होती. थोरल्या सुनेनं तांदूळ चघळत गप्पा मारल्या. तिचे दाणे ओले निघाले. मग धाकटी, नुकतीच लग्न होऊन आलेली रंभा. 'चोर नव्या मानसात हाय,' असं भगतानं सकाळीच सांगून ठेवलेलं, त्यामुळं गावाची नजर तिच्यावरच. तिनं दाणे थुंकले, ते कोरडेठाक.

"म्या न्हाई घेतली वो, आत्याबाई!"

"बोचकं बांध अन् माहेरची वाट धर," कौशल्याबाई म्हणाल्या.

कॉलऱ्याची सुई टोचायला तळेगावहून आलेल्या डॉक्टर सुमनताई पारावर स्टोव्हवर सुया उकळत होत्या. त्यांनी तिथूनच हाक मारली, "भगतबुवा, पहिली सुई तुम्हाला. तोवर तुम्हीही तांदूळ चावा."

"मला? माज्या अंगात देवी हाय!"

"मग भ्यायचं कशाला?"

लोक हसले. भगताची पंचाईत झाली. तांदूळ तोंडात, डोळे चिमट्यातल्या सुईवर, कपाळाला घाम. शेवटी थुंकला, तर दाणे खडखडीत!

"ह्योच चोर! हाना!" थोरलीचा नवरा हिंदुराव ओरडला. काठ्या उठल्या.

"थांबा!" सुमनताई कडाडल्या. "चोर कुठं म्हटलं मी? तो भ्यालाय, एवढंच. भीती वाटली की मणक्यालगतचे मज्जातंतू सगळं शरीर सावध करतात. छाती धडधडते, घाम सुटतो, लाळ आटते. वाघ आला तर पळायला ते बरंच. पण ही पोर घरात रोजच अशी धास्तावून राहिली, तर अंथरूण धरेल. निर्दोष माणूसही भितो. आणि निर्ढावलेल्याचं तोंड ओलंच राहतं."

झालं! सगळे थोरलीकडं बघायला लागले. काय म्हणावं या गावाला!

कौशल्याबाई मात्र उठल्या. त्यांनी रंभापुढं पाण्याचा तांब्या धरला. पोर घटाघटा प्याली.

नथ कुणी नेली, मला आजही ठाऊक नाही. ठाऊक नसेल तर तसं सरळ म्हणावं. भ्यालेल्या पोरीच्या तोंडात तांदूळ कोंबून उत्तर काढू नये.