शेख शहाताच्या रक्तातला जिन्न

"शेखसाहेब, तुमच्या स्वतःच्या रक्तात जिन्न आहे की नाही?"

भर गर्दीत हा प्रश्न विचारून दाखव, असं माझ्या मैत्रिणी इनजी आणि मरवा यांनी मला वर्गात डिवचलं होतं. "तुझी हिंमत नाही व्हायची!" म्हणे. माझी? मग विचारलाच!

गर्दी तरी केवढी! आमच्या रशीद गावच्या मासळीबाजारामागच्या अंगणात अख्खा मोहल्ला लोटला होता. मधोमध शेख शहाता : हिरवा फेटा, डोळ्यांत पावशेर सुरमा. कुणाला थकवा आला, घसा दुखला, की शेख त्याला आधी रक्त तपासायला आपल्या मेहुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. रिपोर्ट आला की तो लोबानच्या धुरावर धरून किंचाळायचा, "पॉझिटिव्ह! जिन्न वर्षानुवर्षं मुक्कामाला आहे!" खाटीक पॉझिटिव्ह. न्हावी पॉझिटिव्ह. आमचे मुख्याध्यापकसुद्धा पॉझिटिव्ह! मग शेख पाण्याच्या वाडग्यात थू-थू करून फुंकर मारायचा, आधी स्वतः घोट घ्यायचा आणि तोच वाडगा सगळ्यांत फिरवायचा. लोक धन्य!

आज पाळी माझ्या मोठ्या बहिणीची, रबाबची. ताप, गळ्याला गाठी, बसल्या जागी झोप. दवाखान्यातल्या डॉक्टर सुहैरनी रक्त तपासून 'मोनो आहे, विषाणूचा ताप; आराम करू द्या' असं सांगितलं होतं. पण आराम हे आईबाबांना औषधच वाटेना. शेखनं तर बाह्या सरसावल्या होत्या. "जिन्न पोटात दडलाय. बुक्क्यांनी हाकलतो!"

म्हणूनच मी डॉक्टरबाईंना हाताला धरून ओढत आणलं होतं, आणि म्हणूनच तो प्रश्न आत्ता विचारला.

शेख गोड हसला. "बेटी, माझं रक्त गुलाबपाण्यासारखं शुद्ध!"

"मग द्या की थोडं!" मासेवाली उम्म करवान गरजली. "आमचं घेताना बरे लाजला नाहीत!"

"द्या! द्या!" गर्दीनं ठेकाच धरला. बिचाऱ्या मेहुण्यालाच सुई टोचावी लागली. रक्त घेऊन तो गेला. लोक टरबुजाच्या बिया फोडत, शेखचा वाडगा फिरवत बसून राहिले. कुणी हलेना, आणि शेखला हलू देईना.

मेहुणा परतला तो मान खाली घालूनच. "पॉझिटिव्ह."

"हा... हा माझा पाळीव आहे!" शेख म्हणाला.

"मग दावं कुठाय त्याचं?" खाटीक ओरडला, आणि अंगण हसून लोळलं.

डॉक्टरबाई पुढे आल्या. "मोनोच्या या तपासणीत रक्तातल्या दोन खुणा बघायच्या असतात. नवी खूण म्हणजे लागण नुकतीच झालेली. जुनी खूण म्हणजे विषाणू कधीकाळी, बहुधा लहानपणीच, येऊन गेलेला. ती जन्मभर राहते, आणि जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसात सापडते. यांनी तुम्हाला तुमचीच जुनी खूण दाखवली आणि तिला जिन्न म्हटलं!"

"आणि माझी रबाब?" आईनं विचारलं.

"तिची नवी खूण आलीय, जुनी अजून उमटलेली नाही. म्हणजे आजार ताजा आहे. बहुतेक काही आठवड्यांत आपसूक उतरेल. पण तिच्या पोटातली प्लीहा सुजलीय. पोटावर बुक्का बसला असता तर ती फुटली असती. जीव गेला असता पोरीचा."

आईनं रबाबला शेखपासून मागे ओढलं.

"आणि डॉक्टरबाई, हा रोग पसरतो कशानं?" मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

"थुंकीनं."

सगळ्यांच्या नजरा वाडग्याकडे वळल्या. न्हाव्याच्या तोंडात नुकताच घेतलेला घोट होता; तो थेट शेखच्या सुरम्यावर उडाला. शेख असा पळाला, की एक चप्पल मागेच राहिली.

मी रबाबच्या खांद्याभोवती हात टाकला आणि आईबाबांसमोर उभी राहिले. कागदावरचं आपल्याला कळलं नाही, तर ज्याला कळतं त्याला विचारावं. न कळण्याला जिन्न म्हणू नये. इतकी साधी गोष्ट! आवाज खणखणीत निघाला.

"आई, बाबा, माझं ठरलंय. रबाबला मी घरी नेतेय. ती हवी तितकी झोपेल. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्या पोटाला कुणीही हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही!"